धक्का मारण्याआधी कारण शोधा
(जिल्हा बैठकीत केलेले भाषण)



सकाळपासून कापसाच्या भावावर बोलणे झाले, ज्वारीवर झाले. आता थोडे गाडीवर बोलू. आपल्या पुष्कळ गावांत एखादी जुनी महिंद्राची डिझेल पिकअप आहे. तीन मालकांच्या हातून फिरलेली, पण अजून काम करणारी. वेचलेला कापूस, ज्वारीची पोती, खताच्या गोण्या आणि रात्री-अपरात्री अडलेली बाळंतीण, सारा भार तिच्यावरच. आणि ती नेमकी पहाटे, कापूस भरून झाल्यावर चालू होत नाही. मग बॅटरी बदला, सेल्फ बदला, असे सुरू होते. पैसे जातात आणि आठ दिवसांनी गाडी पुन्हा तिथेच उभी.

पऱ्हाटी लाल पडली की आपण काय करतो? कोणी युरिया टाकतो, कोणी औषध मारतो. पण पान अन्नद्रव्य कमी पडल्याने लाल होते, मुळाशी पाणी साचल्याने होते आणि तुडतुड्यानेही होते. कारण न पाहता केलेली फवारणी म्हणजे मातीत घातलेला पैसा. गाडीचेही तेच आहे. म्हणून आधी एवढेच पाहा: चावी फिरवल्यावर नेमके काय होते?

पहिला प्रकार: सेल्फ फिरतच नाही, किंवा नुसते 'टक' होते. दिवे लागतात, हॉर्न वाजतो, म्हणून आपण म्हणतो बॅटरी चांगली आहे. इथेच फसगत होते. हेडलाइटच्या एका बल्बला ५ अँपिअरच्या आसपास करंट लागतो, डिझेल इंजिनच्या सेल्फला २०० च्या वर. टर्मिनलवर पांढरी-हिरवी पावडर चढली आणि तिथे ओहमच्या शंभराव्या भागाइतका अडथळा आला, तर २०० अँपिअरला २ व्होल्ट तिथेच खाल्ले जातात. बल्बाला ते कळतही नाही, सेल्फ मात्र मरतो. म्हणून नवी बॅटरी आणण्याआधी दोन्ही टर्मिनल काढा. आधी निगेटिव्ह काढायचा आणि लावताना तो शेवटी लावायचा. गरम पाण्यात खायचा सोडा घालून धुवा, पण ते पाणी बॅटरीच्या बुचांतून आत जाऊ देऊ नका. पॉलिश पेपरने घासा, घट्ट आवळा, वरून व्हॅसलीन लावा.

तरीही नाही, तर अर्थिंग पाहा. बॅटरीची निगेटिव्ह केबल चेसीला जिथे आवळली आहे तिथे गंज किंवा रंग असेल तर खरवडून लोखंड उघडे करा. इंजिन रबरावर बसलेले असते, म्हणून इंजिन ते चेसी अशी वेगळी जाड पट्टी लागते. ती तुटली की करंट ॲक्सिलरेटरच्या तारेतून वाट काढतो. सेल्फ मारताना ती तार गरम लागली तर दोष तिथेच आहे असे समजा. हे सारे ठीक असेल तेव्हाच सोलेनॉइड आणि कार्बन ब्रशकडे जा. गाडी गिअरमध्ये असताना पाना लावून सेल्फ मारू नका. गाडी अंगावर येते.

दुसरा प्रकार: सेल्फ रडत-रडत फिरतो. मीटरने बॅटरी मोजा. रात्रभर उभ्या गाडीवर १२.६ व्होल्ट म्हणजे भरलेली, १२ च्या खाली म्हणजे रिकामी. इंजिन चालू असताना १३.८ ते १४.४ दिसले पाहिजेत. ते दिसत नसतील तर दोष चार्जिंगचा आहे. पट्टा ढिला आहे का, डायनॅमो किंवा अल्टरनेटरची वायर सुटली आहे का, जुन्या गाडीत कट-आऊट चिकटला आहे का, ते पाहा. चार्जिंग ठीक आणि बॅटरी मात्र एका रात्रीत उतरते, तर करंट कुठेतरी गळतो आहे. सगळे बंद करून निगेटिव्ह केबल काढा आणि केबल व टर्मिनल यांच्यामध्ये १२ व्होल्टचा छोटा बल्ब लावा. बल्ब पेटला तर एकेक फ्यूज काढत जा. ज्या फ्यूजला बल्ब विझेल, गळती त्याच लाइनीत.

तिसरा प्रकार: सेल्फ जोरात फिरतो, पण इंजिन पकडत नाही. मग बॅटरीला दोष देऊ नका. आधी स्टॉपची तार पूर्ण आत गेली आहे का पाहा. नंतर डिझेल. लाइनीत हवा शिरली असेल तर फिल्टरचा ब्लीड स्क्रू ढिला करून हातपंप मारा आणि बुडबुडे थांबले की आवळा. फक्त थंडीच्या सकाळी त्रास होत असेल तर ग्लो प्लग तपासा.

आता सर्वांत महत्त्वाचे. आपली गाडी कापूस वाहते. उंदरांनी कुरतडलेली वायर, फ्यूजच्या जागी सिगारेटच्या पाकिटातला चांदीचा कागद आणि बॉनेटखाली साचलेले कापसाचे तंतू, हे तीन एकत्र आले की एक ठिणगी पुरते. वर्षाची कमाई रस्त्यावर जळते. चांदीचा कागद आजच काढून योग्य अँपिअरचा फ्यूज लावा. वायर पत्र्यातून जाते तिथे रबर घाला. भरणी झाल्यावर बॉनेट उघडून तंतू झाडा. निगेटिव्ह टर्मिनलचा पाना बॅटरीजवळ बांधून ठेवा, धूर दिसताच केबल सुटली पाहिजे. आणि बॅटरीजवळ विडी पेटवू नका, तिच्यातून निघणारा वायू भडकतो.

शेवटी हिशेबाचे. गाडीवरचा खर्च आपण नशिबाच्या खात्यात टाकतो, तो वहीत येत नाही. मग क्विंटलमागे उत्पादनखर्च किती, हे आपण कोणाला आणि कसे सांगणार? प्रत्येक गावशाखेने एक मीटर, एक बल्ब आणि एक वही ठेवावी. कोणती गाडी का बंद पडली, काय बदलले, किती पैसे गेले, ते तारखेसह लिहावे. पुढच्या बैठकीला वही घेऊन या. कापसाच्या खर्चाचा तक्ता आपण त्या आकड्यांसकट मांडू.