आधी ताट, मग सुई



१९२१ साली टोरोंटो येथे बँटिंग आणि बेस्ट यांनी इन्सुलिन शोधून काढले, आणि तोवर प्राणघातक ठरणारा बालवयातील मधुमेह आटोक्यात येऊ लागला.

परंतु हे औषध जितके उपकारक, तितकेच शिस्तीचे.
शुश्रूषा करणाऱ्याने एवढे ध्यानी ठेवावे:
आधी ताट, मग सुई.

म्हणजे, जेवण तयार असेल तेव्हाच इन्सुलिन टोचावे. जेवणापूर्वीचे इन्सुलिन टोचले, आणि पाहुणे आले म्हणून किंवा आरती लांबली म्हणून जेवण मागे पडले, तर रक्तातील साखर एकाएकी उतरते.
घाम सुटतो.
हात कापतात.
बोलणे असंबद्ध होते. आणि रुग्ण वयस्कर असला, तर घरची मंडळी या लक्षणांना म्हातारपणाची चिडचिड समजतात!

रुग्ण शुद्धीवर असल्यास, तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून तत्काळ पाजावी.
शुद्ध हरपली असल्यास तोंडात काहीही घालू नये. विनाविलंब रुग्णालय गाठावे.

म्हणूनच पुन्हा सांगतो:
आधी ताट, मग सुई.

टोचण्याची जागा दररोज बदलावी.
बाटली बर्फाच्या कप्प्यात ठेवू नये. गोठलेले इन्सुलिन निकामी होते.

आणि उपवास करावयाचाच असेल, तर औषधाची मात्रा मनाने न ठरवता, डॉक्टरांचा सल्ला आधीच घ्यावा, ही आग्रहाची विनंती.