एका खुर्चीत चौघं



१९२७ साली मुंबईच्या कौन्सिलात विद्यापीठ कायद्याच्या दुरुस्तीचं बिल आलं. बाबासाहेब तेव्हा कौन्सिलात नवेच. सिनेटवर मागासलेल्या वर्गांचे प्रतिनिधी पाहिजेत, ही मागणी त्यांनी तिथं लावून धरली. महाडचा सत्याग्रह त्याच वर्षीचा. तळ्याचं आपण दरवर्षी आठवतो. सिनेटचं पार विसरून गेलो.

सिनेट म्हणजे काय भानगड? विद्यापीठाचं बजेट, वर्षाचे हिशेब तिथं येतात. म्हणजे आपल्या फीचा पैसा कुठं गेला हे विचारायची जागा.

१९८९ साली मुंबईत कॉलेज निवडणुकीच्या वैरातून एका विद्यार्थी पुढाऱ्याचा खून झाला. मग १९९४ च्या कायद्याने निवडणूकच गुंडाळली. मागच्या परीक्षेत जो वर्गात पुढे, तो प्रतिनिधी, नेमणार प्राचार्य. मारामाऱ्या थांबल्या, हे मी नाकारत नाही. पण रात्रपाळीची वॉचमनकी करून सकाळी लेक्चरला डुलक्या घेणारा पोरगा वर्गात पहिला यायचा कसा? आणि पहिला आलेला, प्राचार्यांनी नेमलेला, त्यांच्याच विरोधात तोंड उघडणार? आमच्या हॉस्टेलात स्कॉलरशिप आठ महिने आली नाही, पोरं मेसची बाकी ठेवून उपाशी झोपली. आमच्या प्रतिनिधीला त्याचा पत्ताच नव्हता. तो घरून डबा आणायचा. वाईट नव्हता बिचारा.

२०१६ चा नवा कायदा आला, १ मार्च २०१७ पासून लागू झाला. निवडणूक परत आली, कागदावर. २०१९ ला तारखा जाहीर झाल्या आणि पुढे ढकलल्या गेल्या. वर लिंगडोह समितीच्या २००६ च्या अटी आहेतच. खर्च पाच हजारांच्या आत, ही अट चांगली, पैसेवाल्याचा माज उतरतो. पण पंच्याहत्तर टक्के हजेरी पाहिजे, विषय राहिलेला नको. आला का आपला वॉचमन पुन्हा बाहेर?

आता राखीव जागेचं बघा. कॉलेजच्या विद्यार्थी परिषदेत अनुसूचित जाती, जमाती, भटके-विमुक्त आणि ओबीसी, सगळ्यांना मिळून एक खुर्ची. तीही चिठ्ठी टाकून, आळीपाळीने! एका वर्षी पारध्याचा पोरगा बसणार, तर महाराच्या पोरीनं तीन वर्षं वाट बघायची. तोवर तिची डिग्री संपते. चौघांना एका खुर्चीवर बसवायचं आणि आपसांत ढकलाढकली करायला लावायची, हे गाव आपण ओळखतो.

दुसरी वाट आहे. सिनेटवर पदवीधर मतदारांनी निवडायच्या दहा जागा असतात, त्यात पाच राखीव. एकेक अनुसूचित जाती, जमाती, भटके-विमुक्त, ओबीसी आणि महिलांची. पण मत त्यालाच, ज्यानं पदवीधर म्हणून नाव नोंदवलंय. या हॉलमध्ये कितीजणांनी नोंदवलंय? हात वर करा.

चार.

ज्यांनी डिग्रीचं सर्टिफिकेट आणलंय त्यांनी मागच्या टेबलाजवळ थांबा. ज्यांचं कॉलेजनं फीच्या बाकीसाठी अडकवून ठेवलंय, त्यांनी पुढं या. आधी तुमची नावं लिहून घेतो, सोमवारी मिळून जाऊ.