तालमीचा मास्तर : इब्राहिम अल्काझी



दिवसभर शेतात राबून, रापणीचे दोर ओढून तुम्ही इथे आला आहात, म्हणून फार लांबण लावीत नाही. उत्सवाच्या नाटकाचा नारळ आज वाढवला. त्या वेळी मास्तराने चार शब्द बोलावेत ही आपली रीत. यंदा मी एका दुसऱ्या मास्तराविषयी बोलणार आहे. त्यांचे नाव इब्राहिम अल्काझी.

‘हा कोण? आपल्या नाटकाशी याचा काय संबंध?’ असे मागच्या बाकावरून कोणीतरी पुटपुटलेच. ऐका तर खरे.

अल्काझी जन्माने पुण्याचे. साल १९२५. वडील सौदी अरबस्तानातून आलेले व्यापारी, आई कुवेतची. घरात अरबी, शाळेत इंग्रजी, आणि जोडीला मराठी नि गुजराती. फाळणीच्या सुमारास घरची बाकीची माणसे पाकिस्तानात गेली. हा मुलगा इथेच राहिला. लंडनच्या रॉयल अकॅडमी ऑफ ड्रॅमॅटिक आर्टमध्ये शिकला, १९५० साली बीबीसीचे पारितोषिक मिळवले आणि मुंबईला परत आला. मुंबईत नाटकाला हक्काची जागा नव्हती. तेव्हा राहत्या इमारतीच्या गच्चीवरच त्यांनी रंगमंच उभारला आणि त्याला नाव दिले ‘मेघदूत’. पुढे १९६० साली ‘रंगायन’ उभी करणाऱ्या विजया मेहता मुंबईत त्यांच्याच हाताखाली शिकल्या. म्हणजे संबंध आला की नाही?

१९६२ साली दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयाचे ते संचालक झाले. विद्यालय तेव्हा कैलास कॉलनीतल्या एका घरात भरत होते. त्यांचे शिष्य सांगतात, साहेबांनी पहिले काम केले ते संडास धुण्याचे. स्वतः, आपल्या हाताने. शिकवायला आलेल्या माणसाने आधी झाडू धरला! मी तीस वर्षे शाळेत आहे. वर्ग झाडायला मुलांना किती वेळा सांगितले याची मोजदाद नाही. आपण स्वतः किती वेळा झाडला ते मात्र बोटांवर मोजता येईल.

त्या विद्यालयात नट व्हायला आलेल्या पोरालाही नुसता अभिनय शिकून सुटका नव्हती. खिळे ठोकणे, दिवे लावणे, कपडे बेतणे, सगळे करावे लागे. आपली रापण आठवा. दोराला ज्याचा हात नाही त्याला वाटा कुठला? आपल्या नाटकात मात्र राजाचे काम करणारा थेट रंगायला येऊन बसतो, आणि मंडपाचे वासे उचलायला तीच ती चार पोरे. हे मला पूर्वीही खटकायचे, पण बोलायला आधार नव्हता.

अध्यापक विद्यालयात आम्हाला पाठाचे टाचण काढायला शिकवले होते. वर्गात शिरण्यापूर्वी काय विचारायचे, फळ्यावर काय लिहायचे, सगळे कागदावर हवे. अल्काझी स्वतः चित्रकार. नाटक बसवण्याआधी कोण कुठे उभा राहील, उजेड कुठून येईल, याचा आराखडा त्यांच्यापाशी तयार असे. आपल्याकडे ‘त्या दिवशी बघू’ म्हणतात आणि सगळा भार पडद्यामागच्या प्रॉम्प्टरवर टाकतात. मागच्या उत्सवात प्रॉम्प्टरचा घसा बसला तेव्हा काय गत झाली, ती तुम्ही पाहिलीच आहे.

आता पडद्यांचे बघा. राजवाड्याचा पडदा, रानाचा पडदा, सगळे भाड्याने आणायचे आणि वर्गणीतला केवढा पैसा त्यात घालवायचा. अल्काझींनी १९६३ साली धर्मवीर भारतींचे ‘अंधायुग’ केले ते दिल्लीतल्या फिरोजशहा कोटल्याच्या पडक्या भिंतींसमोर. महाभारत युद्धाचा अठरावा दिवस, सगळे कुल बुडालेले, अश्वत्थामा सूडाने पेटलेला. त्या कथेला भंगलेल्या दगडांपेक्षा चांगला पडदा कुठला मिळणार? पुढे १९७४ साली गिरीश कर्नाडांचे ‘तुघलक’ त्यांनी पुराण्या किल्ल्यात केले. मनोहर सिंग त्यात सुलतान होते. आपल्याकडे किल्ला नाही, पण देवळासमोर दीपस्तंभ आहे, तळीच्या पायऱ्या आहेत. शिकवणीसाठी यापेक्षा सोपा धडा मला सापडलेला नाही.

ते फार कडक होते. वेळेची चूक खपवून घेत नसत. त्यांच्या शिस्तीचा जाच झाला म्हणणारे विद्यार्थीही होते, आणि ते सगळेच खोटे बोलत असतील असे मी म्हणणार नाही. मास्तराचा धाक कुठे संपतो आणि हट्ट कुठे सुरू होतो, हे मास्तराला स्वतःला कळत नाही. १९७७ साली त्यांनी विद्यालय सोडले. पत्नी रोशन यांच्यासह चित्रांचे दालन काढले, जुनी छायाचित्रे जमवली. २०१० साली पद्मविभूषण मिळाले आणि २०२० च्या ऑगस्टमध्ये दिल्लीत वारले.

त्यांच्या काळात पंजाबातून एक तरुण त्या विद्यालयात आला. तोंडावर देवीचे व्रण, इंग्रजी कच्चे. नाटकातला राजबिंडा नायक म्हणून आपल्यापैकी कोणी त्याला उभाही केला नसता. १९७० ते १९७३ अशी तीन वर्षे तो तिथे शिकला. तो ओम पुरी. १९८३ च्या ‘अर्धसत्य’मधला मराठी फौजदार वेलणकर तुम्ही पाहिला असेल. पुण्याच्या रोहिणी हट्टंगडीही त्याच विद्यालयाच्या, १९७४ साली बाहेर पडलेल्या.

ओम पुरींची ही हकीकत वाचली त्या रात्री मला झोप आली नाही. पुष्कळ वर्षांमागची गोष्ट. एक मुलगा राजपुत्राचे काम मागायला आला होता. रापणीवर आरोळ्या देऊन त्याचा आवाज खरखरीत झालेला. मी सर्वांसमोर म्हणालो, ‘हा आवाज मासळी विकायला ठीक आहे,’ आणि त्याच्या हाती भाला देऊन त्याला कडेला उभा केला. सगळे हसले. मीही हसलो. दुसऱ्या दिवसापासून तो तालमीला आला नाही, पुढे कधीच आला नाही. त्याचा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत पोचत होता. तेवढे मला तेव्हा ऐकू यायला हवे होते, ते आले नाही.

आज तो इथे आला आहे. नाव घेत नाही, त्याला आवडणार नाही. त्याच्या मुलीने यंदा नाव दिले आहे, आणि तिची परीक्षा मी घेणार नाही, तुम्ही सर्वांनी ऐकून ठरवायचे.

उद्या रात्री आठला तालीम. राजानेही आठलाच यायचे, आधी मंडप झाडायचा आहे. झाडू मी घेऊन येतो.