कूतचा वेढा आणि आमची पंगत
(वार्षिक संमेलनात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आज या व्यासपीठावर आपल्या समाजातील निवृत्त सैनिकांचा शाल व श्रीफळ देऊन सत्कार झाला. तो सर्वथा उचित होता. तथापि खांद्यावर शाल पडली म्हणजे त्याच खांद्यावरचे ओझे उतरले, असे होत नाही. त्या न दिसणाऱ्या ओझ्याविषयी चार शब्द बोलण्याची आज्ञा आम्हांस झाली आहे.

हिंगोलीला सैनिक नवा नाही. निजामाच्या हैदराबाद कंटिंजंटची छावणी येथे होती. 1903 मध्ये ते सैन्य हिंदुस्थानच्या लष्करात विलीन झाले. आज राज्य राखीव पोलीस बलाचा गट क्रमांक 12 येथे आहे. तेव्हा शस्त्रधारी माणसाचे सुखदुःख आम्हांस परके मानता येणार नाही. आज आम्ही पहिल्या महायुद्धातील एक प्रसंग सांगणार आहोत. त्यात शत्रूने सैनिकाला कोंडले होतेच, पण ज्ञातीनेही कोंडले होते.

डिसेंबर 1915 मध्ये तुर्कांनी आजच्या इराकातील कूत या गावी सहाव्या, म्हणजे पुणे, डिव्हिजनला वेढा घातला. तीत 103, 110 आणि 117 या मराठा पलटणी होत्या. धान्य सरत आले तेव्हा घोडे मारून त्यांचे मांस शिध्यात देण्यात येऊ लागले. गोऱ्या शिपायांनी ते खाल्ले. हिंदी शिपायांपैकी पुष्कळांनी ते नाकारले. हिंदुस्थानातील धर्मगुरूंची अनुज्ञा मागविली गेली, ती आलीही. तरी त्यांचा हात पुढे होईना. अंगे झिजली, स्कर्व्हीने माणसे आजारी पडली. अखेर एप्रिलमध्ये, उपासमार पराकोटीस गेल्यावर, बऱ्याच जणांनी ते अन्न घेतले. 29 एप्रिल 1916 रोजी सुमारे 13,000 लोक शरण गेले आणि त्यांतील हजारो पुढे कैदेत मरण पावले.

अन्न समोर असता ही माणसे उपाशी का राहिली? श्रद्धा हे एक कारण खरेच. परंतु दुसरे कारण भय हे होते. गावी परतल्यावर आपल्याला पंक्तीस घेतील काय, आपल्या घरी सोयरीक करतील काय, ही धास्ती त्यांना होती. धर्मगुरूंची संमती आली होती. जातगंगेची आली नव्हती. तोफेला न भ्यालेला पुरुष आमच्या जिभेला भ्याला, ही गोष्ट ज्ञातिसंस्थेच्या व्यासपीठावरून बोलताना आम्हांस लाज वाटते.

आज त्या शिध्याचा प्रश्न उरलेला नाही. धास्ती मात्र उरली आहे. मध्यरात्री दचकून उठणारा, फटाक्याच्या आवाजाने थरथरणारा, लग्नघरी एका कोपऱ्यात गप्प बसणारा सैनिक आपले दुखणे लपवितो. लोक वेडा म्हणतील आणि मुलीचे लग्न अडेल, हे त्याला ठाऊक असते. आधुनिक युद्धात शत्रू पुष्कळदा दिसतही नाही; यंत्राच्या पडद्यावर एक ठिपका दिसतो आणि विझतो. मागे प्रश्न उरतो: आपण केले ते योग्य होते काय? शेजारचा गेला, मग मीच का राहिलो?

हा प्रश्न भ्याडाचा नव्हे. अर्जुनाचा युद्धापूर्वीचा विषाद आपण कीर्तनांतून ऐकतो. परंतु शांतिपर्वात युद्धानंतरचाही विषाद आहे. जिंकलेला धर्मराज राज्य टाकून वनात जाऊ म्हणतो. भावांनी त्याची निर्भर्त्सना केली, तेणेकरून त्याचे दुःख शमले नाही. शरपंजरी पडलेल्या भीष्मांनी मात्र त्याचे प्रश्न ऐकून घेतले.

पाश्चात्त्यांनाही हे शहाणपण उशिरा सुचले. 1915 मध्ये 'शेल शॉक' हे नाव वैद्यकीय लिखाणात आले. तरी त्या युद्धात ब्रिटिश सैन्याने पलायन, भित्रेपणा अशा आरोपांखाली तीनशेहून अधिक सैनिकांना गोळ्या घातल्या. त्यांना क्षमा मिळाली ती 2006 मध्ये. 1980 मध्ये अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांनी या व्याधीला आघातोत्तर तणाव विकार म्हणून मान्यता दिली. आपल्याकडे 2022 पासून टेलिमानस ही सेवा 14416 या क्रमांकावर चालते, आणि डिसेंबर 2023 मध्ये पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयात सैनिकांसाठी तिचा स्वतंत्र कक्ष निघाला. वैद्य आहे, औषध आहे. आता प्रश्न आपल्या वागणुकीचा आहे.

म्हणून आमच्या तीन विनंत्या आहेत. सुटीवर आलेल्या जवानाला 'किती मारले?' असे चारचौघांत विचारू नये. सोयरीक जुळविताना मनाच्या उपचाराला कलंक समजू नये. आणि त्याच्या पत्नीला, जी हे सारे चार भिंतींत सोसते, तिला बोलण्यास एखादी वडीलधारी बाई मिळावी, अशी व्यवस्था आपल्या महिला मंडळाने करावी.

ज्याचा जन्म याच जिल्ह्यातील नर्सीचा मानला जातो, त्या संत नामदेवांनी भक्तीची वाट सर्वांना मोकळी केली. आपल्याला निदान एक पाट मोकळा करता येईल. रणातून आलेला माणूस काय पाहून आला, काय करून आला, हे त्याने सांगितले तरी आणि न सांगितले तरी, त्याचे पान आपल्या पंक्तीत आधीपासून वाढलेले असावे. कूतच्या उपाशी शिपायांना आपण हे वेळेवर कळविले नाही. आज घरी परतलेल्यांना तरी कळवू या.