गाण्याची बाजू कोण मांडतो?



वैशाखात नाशिकला व्याख्यान द्यायचे म्हणजे लग्नाच्या वाजंत्रीशी स्पर्धा आलीच. आज मात्र आमची तक्रार नाही, कारण ती वाजंत्रीच आमचा विषय आहे. वरातीत बँडवाला सिनेमाचे गाणे वाजवतो, ते गाणे कोणाच्या मालकीचे? आणि त्याबद्दल वधूपित्याने कोणाला पैसे द्यावे काय?

1957 च्या कॉपीराइट कायद्याचे 52 वे कलम म्हणते की धार्मिक विधीच्या प्रसंगी केलेले गायनवादन हा हक्कभंग नव्हे, आणि वरात व विवाहाशी निगडित समारंभ त्यातच मोडतात. येथवर सरळ आहे. पण लग्न आता मांडवातून हॉटेलात गेले. संगीताच्या रात्री शेकडो पाहुणे, भाड्याची ध्वनियंत्रणा, व्यवस्था पाहणारी कंपनी. हा संस्कार की व्यापार? ध्वनिमुद्रिकांच्या कंपन्या म्हणतात, व्यापार. हॉटेलवाले म्हणतात, संस्कार. (वधूपित्याला कोणी विचारत नाही, बिल तेवढे त्याच्याकडे येते.)

हे भांडण गोव्यात धसास लागले. लग्नातल्या संगीतासाठी परवान्याचा आग्रह धरू नये, असे केंद्राच्या खात्याने जुलै 2023 मध्ये जाहीर केले होते. त्याच्या आधारे गोवा सरकारने जानेवारी 2024 मध्ये परिपत्रक काढले. कंपन्यांची हक्कवसुली करणारी फोनोग्राफिक परफॉर्मन्स लिमिटेड ही संस्था उच्च न्यायालयात गेली आणि ऑगस्ट 2024 मध्ये ते परिपत्रक रद्द झाले. आमच्या मते निकाल योग्यच होता. कायद्याचा अर्थ परिपत्रकाने ताणायचा नसतो. सवलत मात्र पुस्तकात जशीच्या तशी राहिली.

अशा वादात दोन्हीकडची मंडळी सरकारदरबारी खेटे घालतात. इंग्रजीत याला लॉबी म्हणतात. लॉबी म्हणजे सभागृहाबाहेरची ओसरी. ओसरीवर बसून आपले गाऱ्हाणे सांगणे हे पाप नव्हे. शेतकरी सांगतो, गिरणीवाला सांगतो, तसे गाणेवाल्यानेही सांगावे. आमचा आक्षेप एवढाच की तेथे बोलणारा ‘संगीत’ म्हणून बोलतो, पण संगीत हे काही एकट्याचे घर नाही. त्यात तबकडीचा मालक आहे, चित्रपटाचा निर्माता आहे, कवी आहे, संगीतकार आहे, गाणारा आहे, साथ करणारा आहे. यांची हिते एकमेकांच्या उरावर बसलेली असतात.

पुरावा जुना आहे. गीतकार-संगीतकारांची इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटी 1969 साली निघाली. 1977 साली सर्वोच्च न्यायालयाने ठरवले की निर्मात्याने मोबदला देऊन गाणे करवून घेतले, आणि उलट करार नसला, तर पहिला मालक निर्माताच. गायकाला तर कायद्यात जागाच नाही, ही उणीव संसदेने भरावी, असे न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी त्याच निकालात सुचवले. 1994 साली कलावंताच्या हक्काचे कलम आले. म्हणजे सतरा वर्षे गेली.

कवीला आणखी थांबावे लागले. 2010 साली जावेद अख्तर राज्यसभेवर नेमले गेले आणि गीतकारांची बाजू ओसरीवरून थेट माजघरात पोहोचली. निर्माते आणि कंपन्या यांनी कडवा विरोध केला. तरी मे 2012 मध्ये दुरुस्ती मंजूर झाली. चित्रपटगृहाबाहेर गाणे वाजले तर कवी व संगीतकार यांना रॉयल्टीचा समान वाटा, आणि तो वाटा वारसांना किंवा हक्कसंस्थेला सोडून कोणालाही लिहून देता येत नाही! ही शेवटची तरतूद आम्हांला सर्वांत मोलाची वाटते. गरजू माणूस पहिल्या कराराच्या वेळी काहीही लिहून देतो, हे ज्याला ठाऊक होते त्यानेच ती सुचवली असणार.

त्याच दुरुस्तीत रेडिओवाल्यांनीही आपले साधून घेतले. ठरावीक दर भरला की गाणे वाजवण्याचा परवाना कायद्यानेच मिळावा, असे कलम आले. कंपन्या तेथे हरल्या. पण महाजालावर गाणी ऐकवणाऱ्यांनी तेच कलम पुढे केले, तेव्हा 2019 साली मुंबई उच्च न्यायालयाने ते अमान्य केले. तेथे कंपन्या जिंकल्या.

गायकांची हक्कसंस्था 2013 साली नोंदली गेली. आता उरला तो ढोलकीवाला, सनईवाला, कोरसमधली बाई. ध्वनिमुद्रणाच्या दिवशी मिळालेल्या बिदागीवर त्यांचा हिशेब बहुधा मिटतो. त्यांच्या वतीने ओसरीवर कोणी बसल्याचे आमच्या तरी पाहण्यात नाही.

अध्यक्षांचा हात घंटेकडे गेला आहे. आम्ही येथेच थांबतो.