कोणती मिरची?

(स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी मला पंधरा मिनिटं दिली आहेत आणि घंटा आपल्या वर्गाच्या जुन्या मॉनिटरच्या हातात दिली आहे. तेव्हा पाल्हाळ लावायची सोय नाही. विषय सांगितला, "परदेशात जाऊन आलास, त्यावर बोल." मी म्हटलं, बोलतो; पण भूगोलाच्या बाई समोर बसणार असतील तर आधी माफी मागतो. आठवीत बाईंनी मला नकाशावर मेक्सिको दाखवायला सांगितलं होतं आणि मी छडी ब्राझीलवर ठेवली होती. तो तास मी बाकावर उभा राहून काढला. बाई, आता दाखवू शकतो. तिथे तीन महिने राहून आलोय.

आपल्यातल्या बऱ्याच जणांना ठाऊक आहे, तीन वर्षांपूर्वी आमची ही गेली. ती याच शाळेची, आपल्या दोन वर्षं मागे. त्यानंतर वर्षभर मी घराबाहेर फारसा पडलो नाही. साखर वाढली. डॉक्टर म्हणाले, चाला. कोणासाठी चालायचं, असं मनात यायचं. शेवटी लेकीनं ऐकलं नाही. ती आणि जावई पुएब्ला नावाच्या शहरात असतात, मेक्सिको सिटीपासून दोन-अडीच तासांवर. जावई मोटारींच्या कारखान्यात इंजिनियर आहे. तिकीटच पाठवलं, आणि जुलै महिन्यात मी तिथे जाऊन पोचलो.

पुएब्ला समुद्रसपाटीपासून दोन हजार शंभर मीटरहून उंचावर आहे. पहिले चार दिवस जिना चढलो तरी धाप लागायची. पाचव्या दिवशी लेक कामावर गेल्यावर किल्ली खिशात घातली आणि निघालो. भाषा येत नाही, खिशात पत्त्याची चिठ्ठी. पण त्या शहरात हरवणं अवघड आहे. १५३१ साली स्पॅनिश लोकांनी ते वसवलं तेच आखून, चौकटीच्या वहीसारखं. मधे मोठा चौक, त्याला सोकालो म्हणतात. चौकाच्या उत्तरेला आडव्या रस्त्यांना सम आकडे, दक्षिणेला विषम. उभ्या रस्त्यांचंही तसंच, पूर्वेला सम आणि पश्चिमेला विषम. पत्ता म्हणजे नुसतं गणित. आपल्या गणिताच्या सरांना ते शहर फार आवडलं असतं.

रोज सकाळी दोन तास चालायचो. तिकडे पावसाळा आपल्यासारखाच जून ते सप्टेंबर, पण पाऊस बहुधा दुपारनंतर. सकाळी आभाळ मोकळं असलं की पश्चिमेला पोपोकातेपेत्ल हा ज्वालामुखी दिसायचा, डोक्यावर धुराचा तुरा. पावणेचारशे वर्षांपूर्वीचं कॅथेड्रल, घरांच्या भिंतींवर तालावेरा नावाच्या निळ्या-पांढऱ्या फरशा. एक ग्रंथालय पाहिलं. तिथल्या बिशप पालाफोक्स यांनी १६४६ मध्ये आपली पाच हजार पुस्तकं देऊन ते सुरू केलं, आणि वाचता येणाऱ्या कोणालाही ते खुलं ठेवलं. आपल्या शाळेचं कुलूपबंद काचेचं कपाट मला तिथे आठवलं.

६ ओरिएंते नावाचा रस्ता आहे, मिठाईवाल्यांचा. तिथे रताळ्याची मिठाई मिळते, मेणकागदात गुंडाळलेली. एकादशीचं रताळं ज्या खंडातून आपल्याकडे आलं, तिथेच मी ते खात उभा होतो. नुसतं रताळंच नाही, बटाटा, शेंगदाणा, साबुदाण्याचा कंद, हिरवी मिरची, आपल्या उपवासाच्या ताटातला निम्मा ऐवज अमेरिका खंडातून आलेला आहे. याच रस्त्यावर सेर्दान कुटुंबाचं घर आहे. मेक्सिकोची क्रांती २० नोव्हेंबर १९१० ला सुरू व्हायची ठरली होती. त्याच्या दोन दिवस आधी या घराला वेढा पडला आणि क्रांतीतली पहिली लढाई इथेच झाली. गोळ्यांच्या खुणा अजून तशाच ठेवल्या आहेत. एका हातात मिठाईचा पुडा आणि समोर त्या खुणा. पायी फिरल्यामुळे दोन्ही एकदम दिसलं. मोटारीतून गेलो असतो तर काहीच दिसलं नसतं.

एकदा चालत चालत एक रुंद वाहता रस्ता ओलांडला. नंतर कळलं, ती पूर्वी नदी होती. साठ वर्षांपूर्वी तिच्यावर छत घालून रस्ता केला. नदीच्या अलीकडे स्पॅनिश लोक राहायचे आणि पलीकडे, ज्यांनी खरं शहर बांधलं ते मूळ रहिवासी. पलीकडच्या वस्तीचं नाव अनाल्को. त्यांच्या नाउआत्ल भाषेत त्याचा अर्थच 'पाण्यापलीकडे'. नदी गेली, नाव राहिलं.

याच अनाल्कोत लेकीच्या ओळखीच्या एक बाई घरी स्वयंपाक शिकवायच्या. सत्तरीच्या. सगळे त्यांना सेन्योरा म्हणत, मीही तेच म्हणू लागलो. लेकीनं दर शनिवारी माझं नाव घातलं. मी म्हटलं, "मला चहासुद्धा धड येत नाही." ती म्हणाली, "बाबा, म्हणूनच."

पहिल्या शनिवारी मका. तिकडे मका नुसता दळत नाहीत. चुन्याच्या पाण्यात शिजवतात, रात्रभर तसाच ठेवतात, सकाळी चोळून धुतात, मग दळतात. आपल्याला चुना फक्त पानाला लावायचा माहीत. पण त्या चुन्यामुळे मक्यातलं एक जीवनसत्त्व अंगी लागतं. युरोपातल्या लोकांनी मका उचलला, चुना मात्र नाही उचलला, आणि मक्यावरच जगणारी गरीब माणसं पिढ्यान्‌पिढ्या पेलाग्रा नावाच्या रोगानं आजारी पडली. बी नेलं, रीत विचारली नाही. हे वाक्य सेन्योरांचं नाही, माझंच आहे. पण ते मला का सुचलं, ते आता सांगतो.

दुसऱ्या शनिवारी मोले. पुएब्लाची शान. सांता रोसा या जुन्या मठाचं स्वयंपाकघर मी पाहून आलो होतो, जमिनीपासून छतापर्यंत फरशांनी मढवलेलं. तिथल्या एका जोगिणीनं पाहुणे येणार म्हणून घाईघाईत मोले केला अशी दंतकथा आहे. पण 'मोल्ली' हा शब्दच मुळी नाउआत्ल, म्हणजे कालवण. स्पॅनिश यायच्या आधीपासूनचा.

सेन्योरांनी टेबलावर चार प्रकारच्या वाळक्या मिरच्या मांडल्या. आंचो, मुलातो, पासीया आणि धुरी देऊन वाळवलेली चिपोत्ले. एकेक हातात देऊन वास घ्यायला लावला. एक रंगाला, एक गोडसर चवीला, एक दाटपणाला, एक तिखटाला. शेजारी तीळ, बदाम, शेंगदाणे, मनुका, लवंग, दालचिनी, मिरी आणि शेवटी घालायला चॉकलेट. मिरच्या परतायला घेतल्या आणि ठसका लागला. मंडळी, सातासमुद्रापार तो ठसका लागला आणि मला एकदम आमचं स्वयंपाकघर दिसलं. एप्रिल महिना, खिडक्या उघड्या आणि पदर नाकाला लावून मिरच्या भाजणारी ही.

वाटायला मेटाते होता, म्हणजे आपला पाटाच, फक्त तीन पायांचा. वरवंट्याला तिथे 'मानो' म्हणतात, म्हणजे हात. गुडघे टेकून वाटायचं. माझे गुडघे ऐकेनात, म्हणून सेन्योरांनी तो उचलून बाकावर ठेवला. मी वाटत होतो आणि त्या बघत होत्या. मग त्यांनी विचारलं, लेकीनं मराठीत सांगितलं, "तुमच्याकडेही असा मसाला करतात ना? तुमच्या पत्नी कोणती मिरची घालायच्या?"

मी म्हटलं, "लाल."

सेन्योरा हसल्या. त्यांना वाटलं मी गंमत करतोय. मग माझ्या चेहऱ्याकडे बघून थांबल्या.

छत्तीस वर्षं मी त्या चटणीवर जेवलो. आपल्या कोल्हापूरकडे वर्षाची चटणी करतात, तुम्हाला सांगायला नको. दर उन्हाळ्यात डबा डंकावर नेऊन द्यायचं आणि कुटून झाला की घरी आणायचं काम माझं होतं. छत्तीस वेळा तो डबा मी स्कूटरवर पायांमध्ये धरून आणला. आत काय आहे, किती आहे, कोणत्या क्रमानं भाजलंय, एकदाही विचारलं नाही. लेकीकडे बघितलं. ती म्हणाली, "मलापण नाही माहीत, बाबा. आई म्हणायची, तू अभ्यास कर, हे मी बघते." आम्ही दोघं गप्प बसलो. सेन्योरांनी काही न बोलता माझ्या हातातला मानो काढून घेतला आणि उरलेलं स्वतः वाटलं.

त्याच आठवड्यात चालताना एका जुन्या जेजुइट चर्चमध्ये गेलो. तिथे भारतातून आलेली एक बाई पुरली आहे, असं लेकीनं सांगितलं होतं. मीरा किंवा मिर्रा तिचं नाव. मुघलांच्या मुलखातली. सतराव्या शतकाच्या सुरुवातीला पोर्तुगीज चाच्यांनी ती लहान असताना पळवली. कोचीनला बाप्तिस्मा देऊन तिची कातारिना दे सान हुआन केली, मनिलाला विकली आणि जहाजातून पॅसिफिक ओलांडून गुलाम म्हणून पुएब्लाला आणली. ती १६८८ साली तिथेच वारली. गावानं तिला संत मानलं. तिच्या एका पाद्र्यानं तिचं चरित्र तीन खंडांत लिहिलं. तिकडचे लोक तिला 'चिना पोब्लाना' म्हणतात, कारण मनिलाच्या जहाजातून उतरलेला कोणीही त्यांच्या लेखी चिनीच.

मी त्या चर्चमध्ये बराच वेळ बसलो. मिरी, लवंग, दालचिनी पूर्वेकडून तिकडे गेली आणि मोलेत पडली. मिरची तिकडून निघाली आणि पोर्तुगीजांबरोबर गोव्याला उतरली. त्याआधी आपल्याकडे तिखटाला मिरी आणि पिंपळीच होती. या देवघेवीच्या वाटेवर ही पोर कोणी न विचारता उचलून नेली. तिच्यावर तीन खंड लिहिले गेले. तिच्या आईच्या हातची चव मात्र तिच्याबरोबरच गेली असणार. मला तिचं दुःख समजलं असं म्हणणं आगाऊपणाचं होईल. मला माझीच चूक समजली.

त्यानंतर मी वही घेतली. दोनशे पानी, शाळेत असायची तशी. सेन्योरा करतील ते लिहायचो, समजलं नाही तर चित्र काढायचो. ऑगस्टमध्ये चिलेस एन नोगादा केला. भल्या मोठ्या हिरव्या मिरचीत खिमा आणि फळं भरतात, वर ओल्या अक्रोडाचा पांढरा रस्सा आणि डाळिंबाचे दाणे. हिरवा, पांढरा, लाल, त्यांचा झेंडाच. त्या ओल्या अक्रोडांची पातळ सालं काढायला सगळं घर बसलं होतं, आपल्याकडे पावटे सोलायला बसतात तसं. मी सर्वांत हळू. पण उठलो नाही.

सप्टेंबरअखेर परत आलो. पहिल्यांदा मेहुणीकडे गेलो. ती म्हणाली, "ताई ब्याडगी जास्त घ्यायची, रंगाला." डंकवाल्याकडे गेलो. तो म्हणाला, "वहिनी दोन पिशव्या आणायच्या, एक रंगाची, एक तिखटाची. तिखटाची संकेश्वरी. खोबरं भाजलेलं, तीळ वेगळे." एवढी माणसं एवढ्या गोष्टी जाणून होती, फक्त मी सोडून. पहिल्या खेपेला मिरच्या करपल्या, चटणी कडू झाली. दुसऱ्या खेपेला बरी जमली. फ्रीजमध्ये एका बरणीत तिच्या हातची शेवटची वाटीभर चटणी आहे. तिच्याशी ताडून बघतो. अजून काहीतरी कमी आहे.

म्हणून आज तुमच्याकडे एक काम घेऊन आलोय. तिची चटणी तिच्या आईची होती. मधल्या सुट्टीत तिच्या डब्यातली भाकरी-भाजी पळवणाऱ्या मैत्रिणी इथे बसल्या आहेत, मला चेहऱ्यांवरून कळतंय. जेवणाच्या मांडवात मिठाच्या शेजारी मी एक स्टीलचा डबा ठेवलाय. माझ्या हातची आहे. जरा भाकरीवर घ्या आणि मला सांगा, काय कमी आहे. खोटं कौतुक नको. शेजारी वही-पेन आहे, त्यात लिहा.

आणि घरी गेल्यावर, ज्यांच्या घरी अजून विचारायला कोणी आहे, त्यांनी आज रात्रीच विचारा. स्वयंपाकघरात जाऊन, उभं राहून. डबा नेऊन देणं म्हणजे विचारणं नव्हे.

घंटा वाजली. बाई, मेक्सिको उत्तर अमेरिकेत आहे. बसू का?