अवघड खेळ आणि मऊ माती

१९९० नंतरच्या दशकात सातारा-सांगलीकडील पुष्कळ घरांत टीव्हीला व्हिडिओ गेमची पेटी जोडली जाई. कॅसेट चालली नाही की मुले तिच्यात फुंकर घालीत व ती पुन्हा बसवीत. त्यांचा लाडका ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ हा जपानी खेळ १९८५ सालचा. टप्पे ३२, आरंभी लाइफ अवघ्या ३. मध्येच वीज गेली, तर पुन्हा श्रीगणेशा! ती मुले आता आईबाप झाली आहेत, आणि ‘तुमचे खेळ सोपे’ म्हणून आपल्या मुलांना हिणवीत आहेत.

आम्हांस वाटते, यात मर्म निसटते. पुढचे टप्पे कठीण खरे. पण आरंभ कसा आहे पाहा. पहिल्या टप्प्याच्या शेवटाकडे समोरासमोर दोन जिने येतात. मध्ये सपाट जमीन. उडी चुकली तरी बिघडत नाही. पुढे तसेच आणखी दोन जिने, आणि आता मध्ये खड्डा! सूचनेचा एक शब्द नाही. तरी मूल शिकते.

आपल्या तालमीत तरी निराळे काय असते? १९५२ साली हेलसिंकीला कांस्यपदक मिळविणारे खाशाबा जाधव कराडजवळच्या गोळेश्वरचे. त्यांच्या या मुलखात पैलवान आधी उकरलेल्या मऊ मातीत पडायला शिकतो; मैदान मागाहून.

नुसते आपटतो, तो वस्ताद नव्हे. जुन्या अवघडपणाचे गोडवे जरूर गावेत. पण मुलांना हिणवण्याआधी, आपण त्यांच्यासाठी माती उकरली आहे काय, एवढे प्रत्येकाने स्वतःस विचारावे.